गॅमा किरणांची साक्ष

आकाशस्थ ज्योतींविषयी मनुष्याला जे काही ठाऊक आहे, ते बहुतांशी त्यांच्याकडून येणाऱ्या प्रकाशाच्या साक्षीवर ठाऊक आहे. ताऱ्याला पृथ्वीवर पाचारण करता येत नाही, की त्याच्या घरी जाऊन पंचनामा करता येत नाही. प्रकाश कोणत्या दिशेने आला, केव्हा आला आणि किती ऊर्जेचा आला, या तीन गोष्टी तो फारशी खळखळ न करता सांगतो. चौथी एक गोष्ट मात्र त्याच्याकडून मोठ्या प्रयासाने वदवून घ्यावी लागते. ती म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा. शास्त्रज्ञ हिला ध्रुवण म्हणतात. गॅमा किरणांच्या बाबतीत ही चौथी साक्ष नोंदवून घेण्याचा जो उद्योग गेल्या पाव शतकात अवकाशातील यंत्रांनी केला, त्याची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत. आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे या हकिगतीतील पुराव्याची बाजू आम्हांस विशेष मोलाची वाटली, आणि तीच आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

प्रकाशाची चौथी साक्ष

एक लांब दोर खांबाला बांधून त्याचे दुसरे टोक हाती धरावे आणि हालवावे. हात वर-खाली केला तर दोरात वर-खाली लाट उठते. डावी-उजवीकडे केला तर लाट आडवी उठते. दोन्ही प्रसंगी लाट खांबाकडेच जाते, परंतु दोराचे हेलकावे निरनिराळ्या दिशांचे असतात. प्रकाशाचेही असेच आहे. साध्या दिव्याच्या प्रकाशात सर्व दिशांचे हेलकावे सरमिसळ झालेले असतात. जेथे एकच दिशा वरचढ होते, तेथे प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात. या ध्रुवणाचा आकाशातील ध्रुवाशी संबंध नाही, हेही येथेच सांगून ठेवलेले बरे.

१८०८ साली पॅरिस येथे एत्येन मालूस या फ्रेंच इंजिनियराने लक्झेंबुर्ग प्रासादाच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारे मावळत्या सूर्याचे तेज एका स्फटिकातून पाहिले. स्फटिक फिरवताच दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तेजस्विता कमीजास्त होऊ लागली. परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो, हा शोध असा लागला. पुढे आरागोने १८१९ च्या धूमकेतूच्या प्रकाशात ध्रुवण पाहिले, आणि धूमकेतू निदान काही अंशी सूर्याचाच उसना प्रकाश परत पाठवतो हे दाखवून दिले. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, तिच्या ठायी काय घडत आहे हे केवळ कंपनाच्या दिशेवरून कळू शकते, ही गोष्ट तेव्हापासून ज्योतिर्विदांच्या ध्यानी आली.

वृषभ राशीतील अभ्रिका

इसवी सन १०५४ च्या जुलै महिन्यात, म्हणजे शके ९७६ मध्ये, चीनमधील राजज्योतिषांनी वृषभ राशीत एक नवा तारा उगवल्याची नोंद केली. तो तेवीस दिवस भरदिवसा दिसत होता. त्या स्फोटाचा अवशेष आजही दुर्बिणीतून दिसतो. आकारावरून युरोपीय ज्योतिषांनी त्याला खेकड्याचे नाव दिले. कर्क राशीशी त्याचा काही संबंध नाही. या अभ्रिकेचे एक कोडे होते. तिचा निळसर प्रकाश तापलेल्या वायूच्या प्रकाशासारखा नव्हता. १९५३ साली रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी असे प्रतिपादन केले की, प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत असता हा प्रकाश बाहेर टाकतात. हे खरे असेल, तर तो प्रकाश ध्रुवित असलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, दोम्ब्रोव्स्की आणि वशाकिद्झे यांनी तो तसा असल्याचे मोजून दाखवले. अनुमान आधी झाले आणि प्रत्यक्षाने त्याला मागाहून दुजोरा दिला.

१९७५ साली सोडलेल्या ओएसओ-८ या अमेरिकन उपग्रहाने याच अभ्रिकेच्या क्ष-किरणांचे ध्रुवण सुमारे १९ टक्के असल्याचे मोजले. मोजणीतील अनिश्चितता अवघी एका टक्क्याची होती. क्ष-किरणांपर्यंत वाट अशी मोकळी झाली. तेथून पुढे मात्र चढण लागते.

ही चढण का लागते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, म्हणून यंत्र वर न्यावे लागते. मालूसच्या स्फटिकासारखी कोणतीही चाळणी त्यांना अडवू शकत नाही. उपाय एकच उरतो. गॅमा किरणाचा कण, म्हणजे फोटॉन, इलेक्ट्रॉनवर आदळला म्हणजे आपली वाट बदलतो, हे कॉम्प्टन यांनी १९२३ साली दाखवले. १९२९ मध्ये क्लाइन आणि निशिना यांनी त्याचे गणित मांडले, आणि त्यातून हे निष्पन्न झाले की, वळताना फोटॉन आपल्या कंपनदिशेशी काटकोन करणाऱ्या बाजूस अधिक प्रमाणात जातो. तेव्हा शेजारी शेजारी दोन शोधक ठेवावेत. एकावर आदळून दुसऱ्यात गेलेले फोटॉन टिपावेत. आणि ते कोणत्या बाजूस जास्त गेले ते मोजावे. युक्ती एवढीच आहे.

परंतु एकट्या फोटॉनच्या वळण्यावरून काहीच ठरत नाही. हजारो फोटॉनांचा कल पाहावा लागतो, आणि आकाशातून येणारे गॅमा फोटॉन तर मोजके असतात. त्यात आणखी एक खोच आहे. ध्रुवणाचे प्रमाण शून्याच्या खाली कधीच जात नाही. नाणे शंभर वेळा उडवले असता छापा आणि काटा बरोबर पन्नास-पन्नास क्वचितच पडतात. बावन्न-अठ्ठेचाळीस पडले म्हणून कोणी नाणे खोटे ठरवीत नाही. तद्वतच, मुळीच ध्रुवित नसलेल्या किरणांचे थोडेसे फोटॉन मोजले तरी कोणत्या ना कोणत्या बाजूस काही कल दिसायचाच. म्हणून येथे केवळ कल दिसणे हा पुरावा नव्हे. योगायोगाने जेवढा कल दिसू शकतो, त्याहून तो निश्चितपणे अधिक आहे, हे दाखवणे हा पुरावा होय. यंत्राची ठेवणच एका बाजूस झुकती असेल, तर तीही ध्रुवणाचे सोंग घेऊ शकते.

६ डिसेंबर २००२

१९६७ साली अमेरिकेचे वेला उपग्रह, अणुस्फोटबंदीचा करार कोणी मोडतो काय हे पाहण्यासाठी, पहारा देत होते. त्यांना गॅमा किरणांचे क्षणिक उद्रेक आढळले. ते पृथ्वीवरचे किंवा सूर्यावरचे नव्हते. ही वार्ता १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे उद्रेक कोट्यवधी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकांतून येतात, हे निश्चित होण्यास १९९७ साल उजाडावे लागले. एवढ्या अंतरावरून इतके तेज यावयाचे तर त्यामागील शक्ती कोणत्या स्वरूपाची असेल? एक पक्ष म्हणे की, मध्यवर्ती पिंडातून निघालेले सुसूत्र चुंबकीय क्षेत्रच त्या झोताला वाहून नेते. दुसरा पक्ष म्हणे की, झोतातील द्रव्याचे लोट एकमेकांवर आदळतात आणि चुंबकीय क्षेत्र तेथेच, विस्कळीतपणे, उत्पन्न होते. क्षेत्र सुसूत्र असेल तर ध्रुवण भरपूर दिसावे. विस्कळीत असेल तर सामान्यतः थोडे दिसावे. वादाचा मुद्दा असा स्पष्ट होता, आणि निर्णय चौथ्या साक्षीवर अवलंबून होता.

फेब्रुवारी २००२ मध्ये रेसी नावाचा उपग्रह सूर्यावरील उद्रेकांच्या अभ्यासासाठी सोडण्यात आला होता. त्यावर जर्मेनियमचे नऊ शोधक होते, आणि तो सुमारे चार सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेई. ६ डिसेंबर २००२ रोजी सूर्यापासून अवघ्या १८ अंशांवर एक अत्यंत प्रखर गॅमा उद्रेक झाला. तारखेवरूनच त्याचे नाव ०२१२०६ असे पडले. उपग्रहाचे तोंड सूर्याकडेच असल्यामुळे हे किरण जवळजवळ समोरून आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वेन कोबर्न आणि स्टीव्हन बॉग्ज यांनी या योगायोगाचा लाभ घेतला. एकाच क्षणी दोन शोधकांत नोंद झालेले फोटॉन त्यांनी निवडले. उपग्रह फिरत असता अशा जोड्यांची संख्या ठरावीक तालात कमीजास्त होते काय, हे पाहिले. मे २००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ध्रुवण ८० टक्के, अधिक-उणे २० टक्के.

हा आकडा साधा नव्हता. सुसूत्र क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून जेवढे ध्रुवण अपेक्षिता येते, त्याची कमाल मर्यादा सामान्यतः ७० ते ७५ टक्के आहे. म्हणजे साक्षीदाराने पहिल्या पक्षाच्या बाजूने पूर्ण जबानी दिली होती. सिद्धांत मांडणाऱ्यांच्या लेखण्या लगोलग चालू लागल्या. निकाल लागला असेच अनेकांस वाटले.

फेरतपासणी

रेसीच्या नोंदी कोणा एकाच्या कपाटात बंद नव्हत्या. त्या सर्वांस खुल्या होत्या. आमच्या देवस्थानांत वर्षाचा जमाखर्च महाजनांपुढे ठेवतात आणि ज्याला शंका असेल तो वही मागून स्वतः बेरीज करतो, तसाच हा प्रकार. रॉबर्ट रटलेज आणि डेरेक फॉक्स यांनी तीच वही उघडली आणि बेरीज पुन्हा केली. त्यांचा लेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना ध्रुवणाचा मागमूस आढळला नाही.

मतभेदाचे मूळ कोठे होते, ते पाहण्यासारखे आहे. एकाच क्षणी दोन शोधकांत नोंद झाली म्हणजे एकच फोटॉन एकातून दुसऱ्यात गेला, असे होतेच असे नाही. उद्रेक प्रखर असेल, तर दोन अगदी निराळे फोटॉन योगायोगाने एकाच वेळी येऊ शकतात. अशा जोड्या ध्रुवणाविषयी काहीच सांगत नाहीत; त्या गर्दीत मिसळलेल्या तोतया साक्षीदारांसारख्या होत. कोबर्न आणि बॉग्ज यांनी खऱ्या जोड्या सुमारे ९,८४० धरल्या होत्या. रटलेज आणि फॉक्स यांच्या हिशेबाने त्या सुमारे ८३० च निघाल्या. एवढ्या थोड्या जोड्यांतून, ध्रुवण अगदी शंभर टक्के असते तरी ते निश्चितपणे सांगता आले नसते. शिवाय अवघ्या पाच सेकंदांच्या उद्रेकात उपग्रहाची फेरी जेमतेम एकच होते, आणि उद्रेकाचे तेज तर क्षणोक्षणी चढते-उतरते. तेजाचा हा चढउतार आणि ध्रुवणाचा ताल एकमेकांपासून सोडवणे फार नाजूक काम होते.

मूळ लेखकांनी आपल्या निष्कर्षाचे समर्थन केले. मग स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेच्या मंडळींनी तिसऱ्यांदा तीच नोंद तपासली. त्यांचे उत्तर आले ४१ टक्के. परंतु अनिश्चितता वरच्या बाजूस ५७ आणि खालच्या बाजूस ४४ टक्क्यांची. म्हणजे ध्रुवण शून्य असू शकते आणि जवळजवळ पूर्णही असू शकते. वही तीच, साक्षीदार तोच, आणि उत्तरे तीन.

येथे आम्हांस आपल्या पुराव्याच्या कायद्याची आठवण होते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात वस्तुस्थितीच्या दोन नव्हे, तीन अवस्था सांगितल्या होत्या. शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे त्रिविध वर्गीकरण कायम आहे. तिसरी अवस्था ही पहिल्या दोहोंहून वेगळी आहे. उद्रेक ०२१२०६ ध्रुवित नव्हता, असे कोणीही सिद्ध केले नाही. तो ध्रुवित होता, हे शाबीत झाले नाही, इतकेच. सामान्य माणसाला ही तिसरी अवस्था फार अप्रिय असते. त्याला हो किंवा नाही हवे असते. न्यायासनावर बसणाऱ्याला मात्र तिचाच आधार घेऊन अनेकदा अन्याय टाळता येतो.

पुढचे साक्षीदार

पुढील इतिहास हा या प्रकरणापासून घेतलेल्या धड्याचा इतिहास आहे. युरोपच्या इंटिग्रल उपग्रहाने क्षणिक उद्रेकाऐवजी वृषभ राशीतल्या त्या स्थिर अभ्रिकेकडे वर्षानुवर्षे पाहून नोंदी जमवल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिच्या गॅमा किरणांचे ध्रुवण ४६ टक्के, अधिक-उणे १० टक्के आढळले. त्याहून महत्त्वाचे असे की, कंपनाची दिशा अभ्रिकेच्या मध्यभागी असलेल्या स्पंदक ताऱ्याच्या अक्षाशी जुळली. तो अक्ष दुसऱ्या दुर्बिणींनी स्वतंत्रपणे ठरवलेला होता. एका साक्षीदाराचे म्हणणे त्याला न भेटलेल्या दुसऱ्या साक्षीदाराच्या म्हणण्याशी जुळले, म्हणजे न्यायाधीश ज्याप्रमाणे मान डोलावतो, तसे हे झाले. या उपग्रहाने आपले निरीक्षणकार्य फेब्रुवारी २०२५ मध्ये संपवले.

२०१० मध्ये जपानने इकारोस या सौरशिडाच्या यानावर गॅप नावाचे छोटे यंत्र पाठवले. उद्रेकांचे ध्रुवण मोजणे हेच त्याचे मूळ काम होते. त्याने काही उद्रेकांत मोठे ध्रुवण नोंदवले. एकात तर सुमारे ७० टक्के. यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये चीनच्या तियांगोंग-२ या अंतराळ प्रयोगशाळेवर पोलर नावाचे यंत्र गेले. त्यात १,६०० प्लास्टिकच्या चमकपट्ट्या होत्या. रेसीच्या नोंदींची तिसरी तपासणी करणारी ती स्विस संस्था याही यंत्राच्या बांधणीत होती. विद्युतपुरवठ्यातील बिघाडामुळे पोलरचे काम सुमारे सहा महिन्यांतच थांबले, तरी त्याने ५५ उद्रेक टिपले. त्यांपैकी पाच उत्तम उद्रेकांचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. ध्रुवण सरासरीने सुमारे १० टक्के! पूर्वीच्या मोठ्या आकड्यांशी याचा मेळ घालणे सोपे नाही.

या मालिकेत आपल्या देशाचेही नाव आहे, आणि ते केवळ हजेरीपुरते नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट ही भारताची अवकाश वेधशाळा गेली. तिच्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाले. पुण्याच्या आयुका संस्थेचा व अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचाही त्यात वाटा होता. या यंत्राच्या शोधकपटाचे सोळा हजारांहून अधिक छोटे चौकोन आहेत, आणि एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात गेलेला फोटॉन त्यात ओळखता येतो. विशेष हे की, ध्रुवित किरण यंत्रावर सोडून त्याची परीक्षा उड्डाणापूर्वी जमिनीवरच घेण्यात आली होती. साक्षीदाराची दृष्टी ठीक आहे की नाही, हे शपथ देण्यापूर्वीच पाहून ठेवले होते. रेसीच्या वाट्याला हे आले नव्हते, कारण ते काम त्याच्याकडे ऐनवेळी आले.

या यंत्राने वृषभातील त्याच अभ्रिकेकडे दीर्घकाळ पाहिले आणि ध्रुवण सुमारे ३३ टक्के, अधिक-उणे ६ टक्के मोजले. स्पंदक तारा सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरतो. त्याच्या प्रत्येक फेरीतील निरनिराळ्या क्षणांचे ध्रुवण वेगवेगळे करून पाहता, दोन स्पंदांच्या मधल्या काळात, म्हणजे जेव्हा तारा जणू मुका असतो तेव्हाच, ध्रुवण लक्षणीयपणे बदलते, असे त्यांस दिसले. हे अपेक्षेबाहेरचे होते. २०१७ च्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले. पुढे पाच वर्षांत टिपलेल्या उद्रेकांपैकी वीस उद्रेकांचा हिशेब २०२२ मध्ये मांडण्यात आला. बहुतेकांत, सगळा काळ एकत्र धरता, ठळक ध्रुवण आढळले नाही. काहींत मात्र आढळले. एक संभाव्य उलगडा असा पुढे आला आहे की, उद्रेक चालू असतानाच कंपनाची दिशा फिरत असेल, तर एकंदर बेरजेत ती स्वतःला पुसून टाकील. हा उलगडा पटण्याजोगा आहे. शाबीत होण्यासाठी त्याला अधिक फोटॉन हवेत.

निकालापूर्वीचा संयम

बर्कलीच्या त्या पहिल्या लेखाचे एक लेखक बॉग्ज यांचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून ही हकिगत पुरी होणार नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली कोझी नावाची जर्मेनियम शोधकांची नवी दुर्बीण तयार झाली. मे २०१६ मध्ये न्यूझीलंडमधून एका प्रचंड फुग्याला बांधून ती वर पाठवण्यात आली. त्या प्रवासात ३० मे रोजी तिला एक गॅमा उद्रेक सापडला. या वेळी जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की, ध्रुवण ४६ टक्क्यांहून अधिक नाही, असे नव्वद टक्के खात्रीने म्हणता येते. म्हणजे मोठ्या आकड्याची घोषणा नाही. केवळ एक वरची मर्यादा. याच दुर्बिणीच्या उपग्रहावरील आवृत्तीची अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२१ साली निवड केली. ज्यांचा पहिला दावा टिकला नाही, त्यांना कोणी वाळीत टाकले नाही. आणि त्यांनीही मैदान सोडले नाही. दाव्याची उलटतपासणी ही दावेदाराची अप्रतिष्ठा नव्हे, हे त्या क्षेत्रातील मंडळींनी आचरणाने दाखवले.

आमच्या वाचकांपुढे ही हकिगत मांडण्याचे कारण हेच आहे. आपल्या देवळांच्या सभामंडपांत, समारंभांत आणि स्मरणिकांत अलीकडे दोन प्रकारची विधाने वारंवार कानी पडतात. एक असे की, विज्ञानाला जे आज सापडते ते सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊकच होते. दुसरे असे की, विज्ञान आज एक सांगते आणि उद्या दुसरे, तेव्हा त्याचा भरवसा काय? दोन्ही विधाने आम्हांस घाईची वाटतात. पहिल्याने पूर्वजांचा गौरव होत नाही. पूर्वपक्ष पूर्ण बळाने मांडल्यावाचून सिद्धांत मांडू नये, हेतु आणि हेत्वाभास यांची गल्लत करू नये, अशी शिस्त ज्यांनी शास्त्रार्थाला घालून दिली, त्यांच्या नावे न तपासलेले दावे खपवणे हा त्यांचा उपमर्द आहे. दुसऱ्या विधानाचे उत्तर तर रेसीच्या प्रकरणातच आहे. २००३ चा आकडा २००४ मध्ये डळमळीत झाला, हे अविश्वासाचे कारण नसून विश्वासाचे कारण आहे. वही खुली होती, म्हणून चूक सापडू शकली. वही बंद असती, तर ८० टक्क्यांचा तो आकडा आजही पाठ्यपुस्तकांत मिरवत राहिला असता.

गॅमा उद्रेकांमागील चुंबकीय क्षेत्र सुसूत्र की विस्कळीत, हा मूळ वाद अद्याप मिटलेला नाही. वृषभातील अभ्रिकेपुरती चौथी साक्ष नोंदवली गेली आहे, आणि अनेक स्वतंत्र यंत्रांनी तिला दुजोरा दिला आहे. उद्रेकांच्या बाबतीत साक्षीदार अजून येत आहेत. कोट्यवधी वर्षे प्रवास करून आलेल्या मूठभर फोटॉनांना त्यांच्या तोंडी नसलेले शब्द बोलायला न लावणे, हे येथे शास्त्रज्ञाचे पहिले कर्तव्य ठरले आहे. आमच्या व्यवसायातही त्याहून मोठे कर्तव्य आम्हांस ठाऊक नाही.